गुरुजींना झोंबलेला ठेचा

माझ्याकडे आनंदाने कुणीच येत नसे. बाळंतपणं करणाऱ्या डॉक्टरला पेढे मिळतात, मोतीबिंदू काढणाऱ्याला आशीर्वाद मिळतात. दाताच्या डॉक्टरकडे माणूस गालावर हात धरून येतो आणि गालावर हात धरूनच परत जातो. दिवाळी अंकासाठी पेशातल्या आठवणी लिहा असं संपादकांनी सांगितलं, तेव्हा मला वाटलं, फराळाचं ताट पुढ्यात घेऊन बसलेल्या माणसाला किडक्या दाढांविषयी काय सांगायचं? मग लक्षात आलं, की करंजी खातानाच माणसाला दाढ आठवते. दिवाळीनंतरच्या आठवड्यात माझ्याकडे बसायला जागा नसायची. तेव्हा वेळ काही अगदीच चुकलेली नाही.

सोनईत मी दवाखाना उघडला तो नव्वदच्या सुमारास. माहेर नगरचं, यजमान सोनईच्या कॉलेजात शिकवायला, म्हणून सोनई. पेठेत खतांच्या दुकानाशेजारी दोन खोल्या घेतल्या. बाहेर बाकडं आणि आत ती खुर्ची. लोक आत डोकवायचे आणि मलाच विचारायचे, "डॉक्टर कुठं गेल्यात?" मी म्हणायची, "मीच डॉक्टर." मग ते माझ्या तोंडाकडे न बघता मनगटांकडे बघायचे. "तुमी दाढ उपटनार?" पक्कड ओढायची ताकद बाईमाणसात कुठली, हा त्यातला खरा प्रश्न. दाढ ओढून काढायची नसते, भोवतीच्या हाडातून हलवत हलवत सैल करायची असते, त्याला जोर कमी आणि सबुरी जास्त लागते, हे सांगून सांगून मी थकले. दाढ निघाल्यावर मात्र तेच लोक म्हणायचे, "कळलंच न्हाई की." आमच्या धंद्यात याहून मोठी शाबासकी नाही.

मदतीला जैतुनबी होती. हत्यारं उकळायची, वीज गेली की बॅटरी धरायची आणि घाबरलेल्या पेशंटला बोलण्यात गुंतवायचं, ही तिची कामं. शेवटचं काम तिने पगार नसता तरी केलं असतं. तिच्या भावाची एसटी स्टँडपाशी पानटपरी होती. भाऊ तोंडं बिघडवतो आणि बहीण दुरुस्तीला हात लावते, असं मी तिला चिडवायची. ती शांतपणे म्हणायची, "दोन्हीकडून चूल चालती मॅडम आमची. नजर नका लावू."

काही वर्षांत मला तोंड बघून घर ओळखता यायला लागलं. हिरड्या काळ्या आणि दातांची मुळं उघडी पडलेली, म्हणजे मिश्री. बाहेरच्यांसाठी सांगते, मिश्री म्हणजे तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची पूड. आमच्याकडच्या बायका सकाळी ती बोटावर घेऊन हिरड्यांना चोळतात. मी नवीन असताना तावातावाने सांगायची, "मिश्री सोडा." बायका मान हलवायच्या आणि पदराआड हसायच्या. पुढे कधीतरी सकाळी लवकर एका वस्तीवर जायचा प्रसंग आला, तेव्हा बघितलं. पहाटेपासून पाणी, शेण, चूल, लेकरं यांच्या मागे धावणारी बाई मिश्री लावताना तेवढी उंबऱ्यावर टेकते. तोंड भरलेलं असतं, त्यामुळे तिला कुणी काही विचारत नाही आणि काम सांगत नाही. सासूही सांगत नाही, कारण ती शेजारीच बोट तोंडात घालून बसलेली असते. दिवसभरात तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. तो सोडा असं सांगणारी मी कोण, असं त्यांना वाटत असणार.

आणि मग पुड्या आल्या. गुटख्याच्या त्या चकचकीत पुड्यांच्या माळा टपऱ्यांवर लटकायला लागल्या, त्या नव्वदच्या दशकातच. लग्नात जेवणं झाली की बडीशेपेच्या ताटात त्याच मांडलेल्या. पोरंसोरंही उचलायची. दारूला लोक दारू म्हणायचे, तंबाखूला तंबाखू म्हणायचे. पुडीला म्हणायचे सुपारी. सुपारी खाल्ली म्हणून कधी कुणाला ओरडा बसलाय का? माझ्या खुर्चीत बसणाऱ्यांची वयं बघता बघता खाली यायला लागली.

अशोक गुरुजी आले तो दिवस मला नीट आठवतो, कारण त्या दिवशी बाजार होता आणि बाहेर बाकड्यावर मुंगी शिरायला जागा नव्हती. सोनईपासून सायकलच्या अंतरावर एका खेड्यात जिल्हा परिषदेची शाळा होती, तिथे ते पहिली-दुसरीला शिकवायचे. पंचविशीचा मुलगा, पांढरा शुभ्र शर्ट, भांग कडक. सोबत आई. सरूबाई तिचं नाव. उन्हातान्हात खुरपणी करून रापलेली, काटक, आणि डोक्यावरचा पदर तोंडावर धरायची सवय. दुखत होतं गुरुजींचं, पण बोलत होती आई.

"अक्कलदाढ हाय म्हनं. चार रोज झालं, तोंडात घास न्हाई."

मी म्हटलं, "गुरुजी, तोंड उघडा."

त्यांनी उघडलं. मी म्हटलं, "अजून." ते म्हणाले, "एवढंच उघडतं, मॅडम."

इथे आमच्या धंद्यातली एक साधी खूण सांगते. आपलीच तीन बोटं उभी, एकावर एक धरून वरच्या-खालच्या पुढच्या दातांमध्ये घालून बघायची. निरोगी माणसाची जातात. वाचता वाचता करून बघा, कुणी बघत नाहीये. गुरुजींचं एक बोट जेमतेम गेलं. बॅटरी मारून पाहिलं, तर गालाची आतली कातडी, जी दुधावरच्या सायीसारखी मऊ असावी, ती पांढुरकी आणि ताठ पडलेली. बोट फिरवलं की आतून दोऱ्या ताणल्यासारख्या लागत होत्या. अक्कलदाढ किडलेली होतीच, पण ती काढायला माझी पक्कड आत जायला तर हवी.

"पुडी खाता?"

गुरुजींनी आईकडे पाहिलं आणि मान खाली घातली.

"तिखट झोंबतं?"

"हो."

"कधीपासून?"

"वर्ष झालं असेल. जास्तच. साधी आमटीसुद्धा झोंबते आता."

सरूबाई इतका वेळ माझ्याकडे बघत होती. ती सावकाश मुलाकडे वळली. "म्हंजे, तू ठेचा त्याच्यापायी खात नव्हतास व्हय?"

गुरुजींनी नुसती मान हलवली. तिने पदराने डोळे पुसले आणि मला सांगायला लागली, जणू माझ्याकडेच दाद मागायची होती. "वरीस झालं बघा, डॉक्टरीनबाई. ठेचा केला की ताट सरकवतो. भाकर केली की म्हनतो भात टाक. मला वाटलं, मास्तर झाला, पगार आला, आता आईच्या हातचं ग्वाड लागंना. मी काय बोलले न्हाई. म्हनलं, शिकल्यालं मानूस हाय, त्याची चव बदलली आसंल. मी एकलीच खायची चुलीम्होरं बसून."

बाहेर बाकड्यावर कुणीतरी खोकलं. एवढी गर्दी, पण त्या बाईला घाई करावीशी मला वाटली नाही. जैतुनबीने कपाट पुसायला घेतलं, जे तिने सकाळीच पुसलं होतं.

सरूबाईचा नवरा कारखान्यात हंगामी कामाला होता आणि दारूत गेला. अशोक तेव्हा प्राथमिक शाळेत होता. तिने एकटीने खुरपणी, कांदा-काढणी, जे मिळेल ते करून मुलगा शिकवला. घर बौद्ध, दर पौर्णिमेला विहारात जाणारं. पंचशीलातलं पाचवं शील म्हणजे नशा न करण्याचं. ते तिने मुलाला असं पाठ करून घेतलं होतं, की दारूच्या दुकानावरून जाताना तो रस्त्याच्या पलीकडे व्हायचा. डी.एड.ला नगरला होस्टेलवर पाठवताना तिने एवढंच विचारलं, "पिनार न्हाईस ना?" तो प्यायला नाही. आजतागायत थेंब नाही. घराने एका दाराला कडी घातली आणि राखण करत बसलं. पुडी दुसऱ्याच दाराने आत आली. रात्री अभ्यासाला जागायचं म्हणून मित्रांनी दिली. मग नोकरी लागली, हातात पगार आला, तेव्हा पुडीला कुणाकडे हात पसरायची गरज उरली नाही. पगार आणणारं शिक्षण आणि पुडी आणणारा पगार. सगळं ज्या तोंडासाठी मिळवलं, ते तोंडच मिटायला लागलं होतं.

गुरुजींनी मला नंतर एकट्याने सांगितलं ते आईसमोर सांगवलं नसतं. "पहिलीची पोरं माझं बघून बोलतात, मॅडम. मी कविता चालीवर म्हणतो ती अशी दात मिटून. तीही तशीच म्हणतात. साहेब तपासणीला आले, त्यांना वाटलं पोरांना बोलताच येत नाही."

मी त्यांना स्पष्ट सांगितलं. हा आजार पूर्ण मागे जात नाही. पुडी बंद केली तर जिथे आहे तिथे थांबतो, आणि व्यायाम केला तर थोडं तोंड परत उघडतं. बंद केली नाही तर पाणी पिणं मुश्कील होईल, आणि पुढे याचा कॅन्सरही होतो. दाढ नगरच्या मोठ्या दवाखान्यात काढून घ्या म्हणून चिठ्ठी दिली आणि औषधांच्या गोळ्या दिल्या. आइस्क्रीमच्या चपट्या काड्या असतात ना, त्या एकावर एक ठेवून दाढांमध्ये धरायच्या, रोज, आणि जमेल तशी एकेक वाढवत न्यायची. गुरुजी हो म्हणाले. सरूबाई उठली नाही.

"सुटंल का ह्याच्याच्यानं?"

"अवघड असतं, मावशी."

"मी मिसरी सोडते," ती म्हणाली. "मग ह्याला सोडावीच लागंल."

गुरुजी म्हणाले, "आई, तुझं काय मधेच?"

"माझं कसं काय मधी? मीच सकाळी बोट तोंडात घालून बसनार आन तुला कोनत्या तोंडानं सांगनार? पाचव्या शिलात मिसरी येती का न्हाई ह्याचा आमी कवा इचार केला न्हाई. दारू न्हाई त्याच्यात, म्हनून आमी मोकळ्या. आता यिवू द्या तिला बी शिलात." आणि पुढच्या पौर्णिमेला खरोखरच दोघांनी विहारात तसं शील घेतलं. मला हे जैतुनबीकडून कळलं, म्हणजे सबंध पेठेला कळलं होतं.

त्याच हंगामात माझ्याकडे सुनील यायचा. गावातल्या एका बड्या बागायतदाराचा मुलगा. बापाला स्वतःला माझ्याकडून समोरचा एक दात सोन्याचा बसवून हवा होता, आणि मी तो दिलाही. आपण हसलो की लोकांना आपल्या उसाचा पैसा दिसावा असं माणसाला वाटत असेल, तर आपण कशाला नाही म्हणायचं? सुनीलला दहावीनंतर कुणी शिकायला लावलं नाही. जीप होती, ऊस होता, शिकून कुणाची चाकरी करायची आहे? खिशात पुड्यांची माळच असायची. त्याचंही तोंड आखडलेलं, गुरुजींपेक्षा जास्त. बापाने पुण्याला नेऊन ऑपरेशन करून घेतलं. आतल्या दोऱ्या कापल्या, तोंड उघडलं. परत आला तेव्हा सुनील मला उत्साहाने तीन बोटं घालून दाखवत होता. महिन्याभरात जैतुनबी म्हणाली, "मॅडम, त्याचं तोंड उघडलं ते बरं झालं. आता पुडी टाकायला सोपं पडतंय." मला हसू आलं नाही. मी त्याच्या बापाला बोलावून सांगितलं. तो म्हणाला, "सांगतो त्याला. काय लागंल ते करू, पैशाकडं बघू नका." मी पैशाकडे बघतच नव्हते. मी बघत होते, की सकाळी या मुलाच्या शेजारी बसून काडी धरायला लावणारं घरात कुणी आहे का. घर मोठं होतं आणि जो तो आपापल्या खोलीत होता.

गुरुजी दर बाजाराच्या दिवशी यायचे. मी बोट घालून मोजायची. पहिले काही आठवडे थोडा फरक पडला. मग थांबला. मग मला वाटलं, मागेच जातोय. काड्या धरता का? धरतो. पुडी? नाही. अगदी शपथेवर नाही. मी काही पोलिस नाही, पण गालाची कातडी खोटं बोलत नाही. तिच्यावर ताजा चरचरीत लालपणा होता.

एका दुपारी पेशंट नव्हते, तेव्हा जैतुनबी माझ्यासमोर येऊन बसली. ती बसली की काहीतरी गंभीर असायचं. "सांगू का नको, कळत नाही. गुरुजी भावाच्या टपरीवर येतात. सायकलवरून उतरत पण नाहीत. नुसता हात पुढं करतात, भाऊ पुडी ठेवतो. मी भावाला म्हटलं, देऊ नको त्यांना. तो म्हणतो, मी नाही दिली तर शेजारचा देईल."

"आईला माहीत आहे?"

"तिला कोण सांगणार? तिनं तर मिसरीची डबीच ओढ्यात टाकली."

पुढच्या खेपेला मी गुरुजींना दार लावून विचारलं. ते खुर्चीत आडवे होते, वरच्या दिव्याकडे बघत राहिले. म्हणाले, "सकाळी निश्चय करतो, मॅडम. दुपारी शाळेत डोकं बंद पडतं. हात थरथरतात, फळ्यावर अक्षर नीट येत नाही. एक टाकली की चालू होतं. मग वाटतं, उद्यापासून." आणि मग, लहान मुलासारखं, "आईला सांगू नका." मी सांगणार नव्हतेच. पेशंटच्या तोंडातलं बाहेर बोलायचं नाही, हा आमचा नियम. पण त्या दिवशी तो नियम पाळणं मला जड गेलं.

पावसाळा संपता संपता सरूबाई आली. म्हणजे तिला आणलं गुरुजींनी, जवळजवळ ओढत. डावा गाल इतका सुजला होता की डोळा अर्धा मिटलेला. पदर तोंडावर घट्ट.

"रात्रभर कण्हते, मॅडम. विचारलं की म्हणते, काही नाही."

"मावशी, तोंड उघडा."

"दाढ उपटायची न्हाई," ती पदराआडून म्हणाली. "वरची दाढ उपटली की डोळं जात्यात. मला नातवंडं बघायची हायत."

हा आमच्याकडचा जुना समज. वरच्या दाढेची नस डोळ्याला जाते म्हणतात. मी हजारदा समजावलं असेल, पण त्या दिवशी वाद घातला नाही. नुसतं दाखवा म्हटलं. तिने तोंड उघडलं, आणि चांगलं मोठं उघडलं. मी बघितलं. वरच्या दोन दाढा पार पोखरलेल्या, मुळांशी पू. हे चार दिवसांचं काम नव्हतं. वर्षानुवर्षांचं होतं.

"कधीपासून दुखतंय?"

"मिसरी सोडली तवापासून."

मला लगेच कळलं. तंबाखूने हिरडी बधिर होते. कीड आपलं काम करत राहते, दुखण्याचा निरोप तेवढा वर पोचत नाही. तिने मिश्री सोडली आणि वर्षानुवर्षं दाबलेलं दुखणं एकदम जागं झालं. म्हणजे गेले कितीतरी महिने ही बाई या दाढा घेऊन खुरपायला जात होती.

जैतुनबीला राहवलं नाही. "अगं मग चिमूटभर लावायची की. औषध म्हणून. कोण बघणार होतं?"

सरूबाईने तिच्याकडे असं बघितलं, जणू ती काहीतरी भलतंच बोलली होती. "म्या लावली, तर ह्यो परत खाईल. ह्यानं एवढं सोडलंय माझ्या शबदावर. माझी दाढच दुखतीया, त्याचं तर तोंडच मिटाया लागलं हुतं."

मी गुरुजींकडे बघायचं टाळलं. जैतुनबीनेही टाळलं. आम्हां दोघींना माहीत होतं, आणि आम्हांला माहीत आहे हे गुरुजींना माहीत होतं. त्या खोलीत फक्त त्या बाईला माहीत नव्हतं. गुरुजी भिंतीला टेकून उभे होते. त्यांचा चेहरा असा झाला होता, की मला वाटलं हे आता बाहेर निघून जाणार.

ते गेले नाहीत. त्यांनी पांढऱ्या शर्टाच्या खिशात हात घातला, दोन पुड्या काढल्या आणि आईच्या हातावर ठेवल्या.

"मी सोडली नाही, आई."

सरूबाईने पुड्यांकडे बघितलं. हाताने त्या उलटसुलट केल्या. मला वाटलं ती रडेल, निदान एक थोबाडीत देईल. द्यायला हवी होती असंही वाटलं. पण तिने यातलं काहीच केलं नाही. पुड्या पिळून तुकडे केले आणि माझ्या थुंकायच्या भांड्यात टाकले. मग मला म्हणाली, "कवा उपटता?"

"डोळ्यांचं काय?"

"डोळं गेलं तर जाऊ द्या. म्होरं हेच बघायचं आसंल, तर ऱ्हाऊन काय करायचं?"

गुरुजी तिथेच खाली बसले आणि दोन्ही हातांत तोंड झाकून रडले. मोठा माणूस, शिक्षक. तोंड पुरतं उघडत नसल्यामुळे रडणंही त्यांचं आतल्या आत, गुदमरल्यासारखं येत होतं. ते ऐकवत नव्हतं. आईने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला.

सूज असताना भूल नीट चढत नाही, म्हणून आधी औषधं दिली आणि पुढच्या बाजाराला बोलावलं. त्या दिवशी तिने एकच अट घातली. मुलाने शेजारी उभं राहायचं आणि बघायचं. ते उभे राहिले. तिचा हात धरून. दाढा जुन्या, हाडात रुतलेल्या, माझ्याही मनगटांची परीक्षाच होती. तिच्या तोंडून हूं की चूं नाही. निघाल्यावर मी तिला खिडकीबाहेर बघायला लावलं आणि विचारलं, "समोरच्या दुकानावर काय दिसतं?" ती म्हणाली, "पोती दिसत्यात. आन कुत्रं." मग कापूस दाबलेल्या तोंडाने ती पहिल्यांदा हसली. म्हणाली, "गेलं न्हाईत की."

त्यानंतर गुरुजींचं सुटलं असं एका वाक्यात लिहिलं, तर ते खोटं होईल. सुटलं, धरलं, परत सुटलं. एकदा दिवाळीच्या सुट्टीत तिसगावला मित्राच्या लग्नात गेले आणि ताटातली पुडी उचलली. तेही त्यांनी घरी येऊन आईला सांगितलं. आता लपवाछपवी नव्हती, एवढा फरक. दुसरं एक झालं, ते मला सर्वांत महत्त्वाचं वाटतं. मिश्री गेली तशी सरूबाईची सकाळची बैठक गेली होती. उंबऱ्यावर नुसतं बसायचं तर तिला लाज वाटायची, बाई रिकामी का बसलीय म्हणून. गुरुजींनी तिला तिथे परत बसवलं. रोज सकाळी ती मिठाच्या पाण्याने चूळ भरत बसायची आणि शेजारी गुरुजी दाढांत काड्या धरून बसायचे. दोघांची तोंडं भरलेली, दोघांनाही बोलता येत नाही. तेवढा वेळ घरातलं कुठलंच काम कुणी करायचं नाही, असा गुरुजींनी नियम केला होता.

शाळेतल्या पोरांनाही त्यांनी तीन बोटांची खूण शिकवली. कुठल्या पोराची बोटं जाईनाशी झाली, की त्याच्या बापाला बोलावून घ्यायचे. एकदा त्यांनी वर्गच माझ्याकडे आणला. पोरं खुर्चीवर चढायला भांडत होती. मी गुरुजींना म्हटलं, कविता म्हणा. त्यांनी म्हटली, पोरांनी मागून म्हटली. तोंडं उघडी होती. त्यांची स्वतःची दोन बोटं जात होती, दोनाच्या वर कधी गेली नाहीत. पण दोन बोटांत भाकरीचा घास बसतो आणि कविताही बसते.

सुनीलचं सांगायचं राहिलं. त्याच्या गालात पुढे जखम झाली, बरी होईना. त्याला मी जिथे पाठवायचं तिथे पाठवलं, बापाने पैशाकडे बघितलं नाही. तो गेला तेव्हा तिशीही गाठली नव्हती. सोन्याचा दात घातलेला तो बाप नंतर कधी माझ्याकडे आला नाही. रस्त्यात भेटला तर ओठ मिटून नमस्कार करायचा. मला अजून वाईट वाटतं. त्या घरात कशाचीच कमी नव्हती, असं सगळे म्हणत.

सरूबाईची कवळी मी केली. उरलेसुरले दात काढून, मापं घेऊन, दोनदा दुरुस्त करून. गुरुजींनी सांगितलं होतं, भारीतली करा. कवळी नीट बसली त्याच्या आनंदात तिने मला आणि जैतुनबीला जेवायला बोलावलं. मी सहसा पेशंटकडे जेवत नाही, पण तिला नाही म्हणणं शक्य नव्हतं. वस्तीवरचं दोन खोल्यांचं घर, बाहेर सारवलेलं अंगण, आत बुद्धाची तसबीर आणि तिच्याखाली गुरुजींचं डी.एड.चं प्रमाणपत्र. नुकतीच लग्न होऊन आलेली सून, तीही शिकलेली, आम्हांला पाणी देत होती. उंबऱ्यावर मला एक चपट्या काड्यांची जुडी दिसली, रबर लावून ठेवलेली.

सरूबाईने आम्हांला वांग्याची भाजी, बाजरीची भाकरी आणि ठेचा वाढला. हिरव्या मिरचीचा, लसूण आणि दाणे घातलेला, तव्यातच रगडलेला. गुरुजींच्या ताटात मात्र भाकरी दुधात कुस्करलेली. ती त्यांना इतकी वर्षं तसंच वाढत आली होती. ठेचा त्यांना ती विचारायचीसुद्धा नाही. तिची कवळी नवीन होती आणि भाकरीचा पापुद्रा ती कडाकडा चावून आम्हांला ऐकवत होती. जैतुनबी म्हणाली, "हळू खा गं, मॅडमनी कालच बसवलीय."

जेवता जेवता गुरुजींनी हात लांब केला आणि माझ्या ताटाच्या कडेचा ठेचा बोटाच्या टोकावर घेतला. मी "गुरुजी" म्हणेपर्यंत तो तोंडात गेला होता. त्यांचे डोळे भरून आले, कान लाल झाले, त्यांनी तांब्या उचलला आणि ते घटाघटा पाणी प्यायले. सून उठून उभी राहिली. मी डॉक्टर म्हणून काहीतरी बोलायला हवं होतं आणि बोलले नाही.

सरूबाई चुलीपुढे होती. तिने वळून बघितलं. गुरुजींनी नाक पुसलं, परत तिच्याकडे ताट सरकवलं आणि म्हणाले, "आई, थोडा वाढ."

वाटीतला ठेचा तिने नखाएवढा काढला आणि त्यांच्या ताटात ठेवला. मग आमच्याकडे पाठ करून परत भाकरी थापायला बसली, आणि कितीतरी वेळ थापतच राहिली.